ठाणे जिल्ह्यातला हिवाळी भाजीपाला: लागवडीचा हिशेब कसा घडत गेला

हिवाळी भाज्यांच्या छापील यादीत वाटाणा, गाजर, फ्लॉवर, कोबी ही नावं हमखास वरती असतात. मुरबाड किंवा शहापूरच्या शेतकऱ्याने ती यादी जशीच्या तशी उचलली, तर वाटाणा फुलावर येतो आणि दुपारच्या तीस-बत्तीस अंशांत फुलगळ होऊन थांबतो. ती यादी निफाड-जुन्नरच्या थंडीसाठी ठीक आहे. ठाण्याकडे थंडी येते ती रात्रीपुरती. बदलापूर-मुरबाडकडे, समुद्रापासून लांब, पहाटेचा पारा बराच खाली जातो. बेलापूर-ऐरोलीच्या खाडीकाठी तेवढंही होत नाही. म्हणून इथे हिवाळ्यात काय लावायचं हे तीन गोष्टींवर ठरत आलं आहे: भात शेतातून कधी निघतं, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं आणि माल किती तासांत गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. या तिन्ही गोष्टी गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत बदलत गेल्या आणि त्यांच्यामागोमाग पिकंही बदलली.

सुरुवात वालापासून. पाणी देण्याची सोय नसताना भातानंतर खाचरात येणारं खात्रीचं पीक म्हणजे कडवा वाल. चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो निघून जातो. चिखलणीने, म्हणजे भात लावण्याआधी चिखल तुडवल्याने, खाचराच्या तळाशी घट्ट थर बसलेला असतो, त्यामुळे वरची ओल लवकर खाली जिरत नाही. वाल याच ओलीवर वाढतो, पण त्यासाठी वेळ अचूक साधावी लागते. भात कापल्यावर जमीन ओली असताना नांगर घातला तर मोठाली ढेकळं निघतात आणि ती मग हिवाळाभर फुटत नाहीत. आठ-दहा दिवस उशीर झाला तर वरचा दोन-तीन बोटांचा थर वाळतो, भेगा पडतात, बी उगवत नाही. मधला वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी अशी वेळ, पकडायचा. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटून पसरला तर पेरणीला हरकत नाही, चेपून तसाच राहिला तर दोन दिवस थांबावं. बी पाच सेंटिमीटर खोल, ओल लागेल असं टाकायचं. गुंठ्याला अर्धा किलोच्या आसपास बी लागतं.

देशी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावला तर नुसता वेल माजतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला पौषात शेंगांनी भरतो, आणि म्हणूनच पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, लागते ती जानेवारीत. ढगाळ हवा दोन-तीन दिवस टिकली की कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. तेव्हाच शेंडे तपासून पाच टक्के निंबोळी अर्क फवारला तर पीक हाती लागतं. आठवडाभर दुर्लक्ष झालं तर फुलोरा चिकट होऊन गळतो.

वालाच्या पुढे जायला आधी भात लवकर निघणं गरजेचं होतं. पूर्वी बहुतेक खाचरांत गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, जाती असत. त्या नोव्हेंबरच्या मध्यावर कापणीला येत आणि तोवर भाजीचा अर्धा हंगाम सरलेला असे. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचं. १९६८ मध्ये जया ही ठेंगणी जात आली, त्यानंतर रत्नासारख्या हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, जाती, आणि १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कर्जतच्या जाती गावोगाव पसरल्या. हळवं भात ११५ ते १२० दिवसांत निघतं, गरवं १३५ दिवसांच्या पुढे जातं. हा दोन-तीन आठवड्यांचा फरक भाजीवाल्यासाठी फार मोलाचा आहे. ज्या खाचरात भाजी घ्यायची तिथे हळवंच लावायचं, हा निर्णय मे महिन्यात बियाणं घेतानाच व्हायला हवा. हिवाळी भाजीचं नियोजन खरं तर तिथूनच सुरू होतं. अनेक जण दिवाळीनंतर विचार करायला बसतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि पाण्याच्या आधी जमिनीच्या मालकीची. विहीर बांधणं हा वर्षानुवर्षं फेडायचा खर्च असतो. जमीन दुसऱ्याची आणि खंड भाताच्या रूपात द्यायचा, तर कूळ विहिरीत पैसा का घालील? १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन यांनंतर कसणाऱ्याच्या नावावर जमीन आली, तेव्हा कुठे या खर्चाला अर्थ आला. तोवर बागायत म्हणजे वसईकडची, रहाटाच्या विहिरींवरची. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला तेव्हा तो तिकडे गेला. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे मात्र ओहोळाच्या पात्रात डवरे (पाण्याचे खड्डे) खोदून चार वाफे भिजवणं, मग डिझेल इंजिन, मग विजेचा पंप, अशी वाटचाल झाली.

धरणं या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. तानसा १८९२ चं, बारवी १९७२ चं, त्यानंतर भातसा. पण तानसाचं पाणी मुंबईसाठी, बारवीचं कारखान्यांसाठी आणि शहरांसाठी. भातशाच्या पाण्याचाही मोठा वाटा मुंबई-ठाण्याकडे जातो. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्याच कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. हा अन्याय आहे, आणि पिकांची निवड समजून घ्यायची तर तो लक्षात घ्यावाच लागतो. कारण बहुतेक छोट्या शेतकऱ्यांचं पाणी आजही विहिरीचं किंवा ओहोळाचं आहे आणि ते फेब्रुवारीत हात आखडतं.

त्याचा हिशेब असा मांडता येतो. एका गुंठ्याला पाच सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे सुमारे पाच हजार लिटर. समजा डिसेंबरात विहीर दिवसाला वीस हजार लिटर भरते. आठवड्याला एक लाख चाळीस हजार लिटर, म्हणजे सात दिवसांच्या पाळीने अठ्ठावीस गुंठे भिजतात. फेब्रुवारीत आवक निम्म्यावर आली की चौदाच गुंठे. तेव्हा वांगी, मिरची, भेंडी अशी मार्चपर्यंत चालणारी पिकं चौदा गुंठ्यांवरच लावायची, आणि उरलेल्या चौदांत जानेवारीअखेर संपणारा मुळा, मेथी, पालक, माठ घ्यायचा. नेहमीची चूक म्हणजे नोव्हेंबरातलं पाणी बघून सगळ्या अठ्ठावीस गुंठ्यांत भेंडी लावणं. मग ऐन तोड्यात पाण्याची पाळी दहा-बारा दिवसांवर जाते, शेंगा आखूड आणि राठ होतात, लाल कोळी ही कीड वाढते. ठिबकने पाणी बरंच वाचतं. ओहोळात ऑक्टोबरअखेर, धार वाहती असतानाच मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा घातला तर शेजारच्या विहिरीची पातळी जास्त दिवस टिकते. धार आटल्यावर घातलेल्या बंधाऱ्यात अडवायला काही उरत नाही.

तिसरी गोष्ट बाजार. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला. नंतर लोकल गाड्या वाढल्या तशी पहाटेच्या गाडीने पाट्या घेऊन जाणाऱ्या बायकांची विक्री ही या भागाची रीतच झाली. कल्याण, ठाण्याचा जांभळी नाका, बदलापूर स्टेशनबाहेरची रांग, सगळीकडे गावची भाजी या बायकांनीच पोचवली. घाऊक भाजीबाजार मुंबईत भायखळ्याला होता. १९९६ मध्ये तो तुर्भ्याला, वाशीच्या बाजार समितीत हलला. त्यामुळे ठाण्याच्या शेतकऱ्याला अंतर कमी झालं, पण नाशिक-पुण्याचे ट्रकही रात्रीतून तिथेच उतरू लागले. त्या भागांतल्या मेथी-कोथिंबिरीची आवक भरमसाट झाली की दहा गुंठेवाल्याच्या जुड्यांना तिथे कोण विचारतो? म्हणून घाऊक बाजाराच्या भरवशावर कोथिंबीर लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जवळच्या गिऱ्हाइकासाठी जे ताजंच लागतं आणि लांबून येताना मरगळतं, ते लावावं: पाल्यासकट मुळा, लाल माठ, चवळीचा पाला, आंबट चुका. २०१६ मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून मोकळ्या झाल्यापासून सोसायट्यांच्या दारात थेट विक्रीही सोपी झाली आहे. पालेभाजी दर दहा दिवसांनी दोन-दोन गुंठ्यांत पेरली तर रोजची पाटी भरते. एकदम पेरली तर एकाच आठवड्यात सगळी तयार होते आणि शेवटची गुरांपुढे जाते. गुंठ्याला मेथीचं बी २५० ते ३०० ग्रॅम, मुळ्याचं १०० ग्रॅम. माठाचं २० ते २५ ग्रॅमच, तेही बारीक वाळूत मिसळून, नाहीतर दाट पडून देठ बारीक राहतात. धणे रगडून दोन फाका करून, रात्रभर भिजवून पेरायचे.

ठाणे जिल्ह्याला लांबच्या बाजारात नाव मिळालं ते मात्र भेंडीमुळे. पुसा सावनी ही जात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून आली तेव्हा शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला दाद देत नसे. काही वर्षांत तिची ती ताकद गेली. मग परभणी क्रांती, अर्का अनामिका आणि पुढे संकरित बियाणं आलं, तेव्हा हे पीक पुन्हा भरवशाचं झालं. मुंबईचा विमानतळ जवळ असल्याने मुरबाड-शहापूरकडची भेंडी आखाती देशांत आणि युरोपात जाऊ लागली. निर्यातीसाठी ७ ते १० सेंटिमीटरची, सरळ, कोवळी शेंग लागते आणि औषधाचा अंश मर्यादेत असावा लागतो. फवारणी आणि तोडणी यांच्यातलं अंतर पाळलं नाही तर माल परत फिरतो.

इथे थंडीचा संबंध येतो, तो उलट बाजूने. भेंडीचं बी जमीन सतरा अंशांखाली गेली की उगवत नाही. त्यामुळे आतल्या गावांत पेरणी एकतर ऑक्टोबरअखेर उरकावी, नाहीतर जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत थांबावं. बी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत सुकवून ४५ बाय १५ सेंटिमीटरवर टोकायचं, गुंठ्याला ९० ते १०० ग्रॅम. पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांनी, मग एक दिवसाआड. कडक थंडीत शेंग हळू वाढते, तेव्हा तिसऱ्या दिवशी तोडलं तरी चालतं. शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून पुरावं. पांढरी माशी हा रोग पसरवते, आणि झाड ठेवून औषध मारल्याने रोग मागे हटत नाही.

कोबी आतल्या तालुक्यांत जमतो. गोल्डन एकरसारखी लवकर येणारी जात, ४५ बाय ४५ सेंटिमीटरवर, गुंठ्यात जवळपास पाचशे रोपं. फ्लॉवरचं गणित जातीवर आहे. लवकरच्या गटातल्या जातींना गड्डा धरायला २० ते २७ अंश लागतात, स्नोबॉल गटाला १० ते १६. ठाण्यात डिसेंबर-जानेवारीतही दिवस-रात्रीची सरासरी पहिल्या गटाजवळच राहते. म्हणून स्नोबॉल इथे लावला की पानंच पानं येतात. गड्डा तपकिरी आणि देठ आतून पोकळ झाला तर बोरॉन कमी आहे. लागवडीआधी गुंठ्याला १०० ते १५० ग्रॅम बोरॅक्स शेणखतात मिसळून द्यावं.

सणांचाही हिशेब पूर्वीपासून आहे. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला भरीत करतात आणि त्या दोन-तीन दिवसांत वांग्याची मागणी एकदम चढते. रोप लावल्यापासून पहिला तोडा ६० ते ७० दिवसांनी येतो, म्हणून वांगी सप्टेंबरच्या सुरुवातीला, भाताच्या खाचरात नव्हे तर पाणी न तुंबणाऱ्या माळावर लावावी लागतात. भोगीला वांगी, वालाच्या शेंगा, हरभरा, गाजर एकत्र लागतात. त्यातलं गाजर सोडलं तर बाकी सारं इथल्या शेतात पिकतं.

खाडीकाठी हे सगळं कधीच एवढं फुललं नाही. बेलापूर पट्ट्यातल्या खारजमिनीत भात निघालं की खालचं मीठ वर चढतं. भाजी होती ती गावठाणालगतच्या उंचवट्यावर, गोड्या विहिरीपुरती. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, ठाणे आणि रायगडातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या आणि तो पट्टाही गेला. आता भिवंडीत गोदामं, शहापूरकडे समृद्धी महामार्ग. उरलेल्या तुकड्यांत नाल्याच्या पाण्यावर पालक घेणं हे खाणाऱ्यांच्या तब्येतीशी खेळणं आहे. तो पालक कितीही हिरवागार दिसला तरी त्याची बाजू घेता येत नाही.

अलीकडची अडचण अवकाळी पावसाची. नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ, डिसेंबर २०१७ चं ओखी चक्रीवादळ, दोन्ही वेळा ऐन हिवाळी हंगामात पाऊस झाला. खाचराचा घट्ट तळ, जो वालाची ओल राखतो, तोच अशा पावसात भाजीची मुळं कुजवतो. म्हणून खाचरात भाजी घेताना वाफे सपाट न ठेवता १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफे करावेत आणि बांधाला खालच्या अंगाने एक तोंड ठेवावं, एरवी बुजवलेलं, पाऊस येताच उघडता येईल असं. रोपवाटिकेत पाणी साचून रोपं कोलमडू लागली तर दहा लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड घालून मुळाशी ओतावं. मेथी-कोथिंबीर चोवीस तासांहून जास्त पाण्यात राहिली तर ती वाचवत बसू नये. वाफसा आला की त्याच वाफ्यात मुळा पेरावा, तो ४५ दिवसांत निघतो आणि पुढची पाण्याची पाळी चुकत नाही.