टॅक्रोलिमसचे नियम आले कुठून?

शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस हे औषध घेणाऱ्याला बजावले जाते: वेळ चुकवू नका, लेव्हल (रक्तातली औषधाची पातळी) तपासायची असेल त्या दिवशी रक्त देईपर्यंत सकाळचा डोस घेऊ नका, ब्रँड परस्पर बदलू नका. रोजच्या जगण्यात हे जाचक वाटते, मान्य. पण यामागे आधीच्या रुग्णांनी सोसलेला त्रास आहे.

१९५४ मध्ये बोस्टनला मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी झाले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. इतरांचे शरीर परका अवयव नाकारते; त्यांच्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी ॲझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड ही औषधे आली, मग सायक्लोस्पोरिन. १९८४ मध्ये जपानच्या फुजिसावा कंपनीच्या संशोधकांना त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ते इतके घातक ठरले की माणसांना द्यावे की नाही, याचीच शंका होती. तरीही १९८९ मध्ये पिट्सबर्गला शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांनी ते यकृत प्रत्यारोपणाच्या अशा रुग्णांना दिले, ज्यांच्यावर आधीची औषधे चालेनाशी झाली होती. त्यांतल्या अनेकांचे यकृत वाचले.

किंमतही मोजावी लागली. सुरुवातीचे डोस मोठे होते. हात थरथरत, साखर वाढे, मूत्रपिंडाला इजा होई. मूत्रपिंड बदललेल्यांत तर ज्या अवयवासाठी औषध घ्यायचे त्यालाच ते मारक ठरू शकते, हा पेच आजही सुटलेला नाही. म्हणून रक्तातली पातळी मोजत डोस उतरवला गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिंफनी अभ्यासात मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या सोळाशेहून अधिक रुग्णांची तुलना झाली. इतर औषधांच्या जोडीने दिलेल्या कमी डोसच्या टॅक्रोलिमसने (लक्ष्य ३ ते ७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) रिजेक्शन (शरीराने नवा अवयव नाकारणे) कमी झाले आणि मूत्रपिंडही चांगले चालले.

हे औषध मुख्यतः यकृतात आणि आतड्यात ज्या एन्झाइममुळे मोडते, त्याला बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल, प्रतिजैविक क्लॅरिथ्रोमायसिन किंवा ग्रेपफ्रूट हे फळ अडवतात आणि लेव्हल चढते. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने ती कोसळते. दुसऱ्या आजारासाठी लिहून दिलेली साधी गोळीही म्हणूनच आधी विचारून घ्यायची.

ब्रँडचा नियम सर्वांत अलीकडचा. २००७ मध्ये युरोपात दिवसातून एकदा घ्यायचे ॲडव्हाग्राफ आले. दोनदा घ्यायचे प्रोग्राफ होतेच. दोन्हींत टॅक्रोलिमसच, त्यामुळे चिठ्ठीवर लिहिताना आणि दुकानात देताना गल्लत झाली, काही रुग्णांत रिजेक्शनही झाले. अखेर २०१२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने टॅक्रोलिमस ब्रँडच्या नावानेच लिहावे आणि द्यावे, असे सांगितले. प्रकार बदलायचाच झाला तर तो प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, लेव्हल पुन्हा तपासून.