अजाइल म्हणजे घाई नव्हे

"आम्ही अजाइल आहोत, त्यामुळे प्लॅनिंग वगैरे करत नाही," असं कुणी अभिमानानं सांगितलं की समजावं, तिथं अजाइलही नाही आणि प्लॅनिंगही नाही. अजाइल म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत. रोज उभ्याउभ्या पंधरा मिनिटांची मीटिंग घेतली, बोर्डावर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या की सॉफ्टवेअर आपोआप वेळेत होतं, ही समजूत गंडेदोऱ्याच्याच पंगतीतली.

पारंपरिक पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग डिझाइन, मग कोडिंग, शेवटी टेस्टिंग. गंमत म्हणजे ज्या १९७० सालच्या लेखात तिचं मूळ शोधलं जातं, त्यात सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांनी ही सरळ उतरंड काढून दाखवली आणि ती जशीच्या तशी राबवणं धोक्याचं आहे, असंही बजावलं. लोकांनी आकृती तेवढी उचलली. धोका उघड आहे: टेस्टिंगमध्ये सापडलेली चूक मुळात डिझाइनमधली असेल, तर सगळा डोलारा पुन्हा उभारायचा.

फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेत यूटामधल्या स्नोबर्ड इथं १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. काही आठवड्यांनी चालतं सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती द्या, तो काय म्हणतो ते ऐका, पुढचं त्यावरून ठरवा, असा त्याचा रोख. प्लॅनिंग इथंही आहेच. फक्त ते एकदाच न करता दर फेरीला होतं.

आता खरी मेख. समजा, दर दोन आठवड्यांच्या फेरीत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, १० नव्या सोयी तयार होतात. विसाव्या स्प्रिंटला त्या २०० झाल्या. नवं कोड जुनं बिघडवू शकतं, म्हणून प्रत्येक वेळी सगळंच तपासायला हवं: १० + २० + ३० असं करत २०० पर्यंत, म्हणजे एकूण २,१०० तपासण्या. वॉटरफॉलमध्ये शेवटी एकदाच २००! हे काम हातानं करायचं म्हटलं, तर अजाइल टीम चारसहा महिन्यांतच स्वतःच्या ओझ्याखाली दबेल.

सुटका होते ती स्वयंचलित चाचण्यांमुळे. वाचनालयाचा प्रोग्रॅम घ्या. पुस्तक १५ दिवसांसाठी मिळतं. २० फेब्रुवारी २०२३ला नेलेलं पुस्तक ७ मार्चला परत यायला हवं. २०२४ लीप वर्ष, म्हणून तिथं उत्तर ६ मार्च. ही दोन उदाहरणं अपेक्षित उत्तरांसह कोडमध्येच लिहून ठेवायची. पुढे कुणी मुदत वाढवून देण्याची सोय जोडताना तारखेचं गणित बिघडवलं, तर कोड मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्या टीमच्या सामायिक कोडमध्ये, मिसळताच सगळ्या चाचण्या पुन्हा चालतात आणि काही मिनिटांत लाल दिवा लागतो. याला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात. केलेला बदल डोक्यात ताजा असतो, त्यामुळे दोष शोधायला फार खोदावं लागत नाही. प्रोग्रॅमर केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या अजाइल धाटणीच्या पद्धतीत चाचणी आधी, कोड नंतर, असा उलटा क्रम रूढ केला, तो याचसाठी.

अर्थात, ग्राहकाला नेमकं काय हवंय, हे चाचणी सांगत नाही. ते त्यालाच वापरायला देऊन कळतं. पण पेसमेकरचं अर्धंमुर्धं सॉफ्टवेअर रुग्णाच्या छातीत बसवून अभिप्राय मागता येत नाही. तिथं गरजा आधी काटेकोर लिहाव्याच लागतात, आणि छोट्या फेऱ्या चालतात त्या प्रयोगशाळेत, बनावट हृदयठोक्यांवर.