व्हिडिओ गेम मुलांना एकलकोंडे करतो, या समजाविषयी

व्हिडिओ गेम मुलाला घरच्यांपासून तोडतो, असे आमच्या मालवण परिसरात वर्षानुवर्षे ऐकू येते, आणि मुले शाळेत न जाता घरीच शिकत असतील तर ही काळजी अधिकच कळकळीने बोलून दाखवली जाते. या खेळांचा आरंभ मात्र वेगळे सांगतो. १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावर मांडलेला टेनिसचा खेळ दोघांनी मिळून खेळायचा होता. १९७२ मध्ये घरच्या टीव्हीला जोडण्यासाठी आलेल्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या खेळयंत्रासोबतही दोन कंट्रोलर मिळत.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा आम्ही संध्याकाळी माजघरात एकत्र बसून शहर उभारण्याचा खेळ खेळतो. कर किती लावावा, पाणी कुठून आणावे, यावर धाकटी तिच्या बाबांशी वाद घालते, वहीत हिशेब मांडते, आणि वीज गेली तरी तो वाद जेवणापर्यंत चालतो. याचे श्रेय खेळाइतकेच शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला आहे. हातात मोबाइल देऊन उठून जाण्याला मी कुटुंबाचा वेळ म्हणणार नाही.

व्हिडिओ गेम खेळणे हाच आजार आहे, असे सांगताना जागतिक आरोग्य संघटनेचा दाखलाही अर्धवट दिला जातो. तिच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणानुसार खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे आणि नुकसान होऊनही खेळत राहणे, हे साधारणपणे १२ महिने दिसून रोजच्या जगण्यात गंभीर बाधा आली, तर त्यास विकार म्हणतात. केवळ खेळण्याला नव्हे.