हार्डडिस्क रेकॉर्डर

स्वतःच्या हार्डडिस्कवर अनेक ट्रॅक (प्रत्येक आवाजाचा किंवा वाद्याचा वेगळा थर) ध्वनिमुद्रित करणारे आणि संगणकाशिवाय चालणारे यंत्र. बहुतेक मॉडेलांमध्ये मिक्सर, इफेक्ट आणि संपादनाची सोयही त्याच पेटीत असते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची सुमारे दहा वर्षे घरगुती व लहान स्टुडिओंमध्ये त्यांचा जम बसला होता. नंतर संगणकाने त्यांची जागा घेतली. जुनी यंत्रे मात्र अजून वापरात आहेत, आणि त्यांच्या संथपणाबद्दलची कुरकुरही.

या यंत्रांच्या आधी घरगुती ध्वनिमुद्रण फितीवर होत असे. टॅस्कॅमच्या पोर्टास्टुडिओ १४४ने (१९७९) साध्या कॅसेटवर चार ट्रॅक दिले. १९९२मध्ये विक्रीला आलेले अलेसिसचे एडॅट व्हिडिओच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक लिही, आणि अशी सोळा यंत्रे जोडून १२८ ट्रॅक मिळत. पण अंतऱ्यावरून मुखड्यावर यायचे तर फीत गुंडाळावीच लागे. शिवाय जोडलेली यंत्रे एकमेकांशी जुळेपर्यंत काही सेकंद थांबावे लागे.

रोलँडच्या व्हीएस-८८०ने (१९९६) ही गुंडाळागुंडाळी संपवली. आठ ट्रॅक, प्रत्येकामागे आठ पर्यायी ट्रॅक आणि केलेले बदल ९९९ पायऱ्यांपर्यंत मागे घेण्याची सोय. त्याच वर्षी स्टाइनबर्गचे क्युबेस व्हीएसटी हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर मॅकिंटॉश संगणकावर आले. पण तेव्हाचा घरगुती संगणक थोड्या ट्रॅकांनीच दमत असे, आणि लेटन्सी, म्हणजे गायलेला आवाज आत जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंतचा उशीर, गायकाला बेसूर करण्याइतकी असे. आज ज्या पेट्यांना मंद म्हणतात, त्या तेव्हा वेगासाठीच विकत घेतल्या जात.

या यंत्रांवर मंदपणाचा आरोप होतो तेव्हा तो नेमका कुठे लागू पडतो हे पाहायला हवे. ध्वनिमुद्रणाला तो लागू नाही. बटण दाबले की ती पहिल्या दिवसाइतक्याच तत्परतेने आवाज टिपतात. खोळंबा होतो तो त्यानंतर: गाणे साठवताना, दुसरे गाणे उघडताना, डिस्क आवरताना. व्हीएस मालिकेत कापलेला किंवा पुन्हा गायलेला तुकडा लगेच पुसला जात नाही, फक्त यादीतून बाजूला होतो. म्हणून डिस्क भरत जाते, आणि जागा मोकळी करण्याची आज्ञा दिली की ते काम संपेपर्यंत यंत्र दुसऱ्या कशालाही हात लावू देत नाही. मधेच वीज गेली तर गाणे जाण्याची भीती. रीतसर बंद न करता बटण दाबले तरी तीच गत. त्यात पडदा छोटा. संगणकावर माउसने क्षणात होणारा तुकडा कापण्याचा उद्योग इथे चाक फिरवत, आकडे वाचत करायचा. रोलँडने २००१च्या व्हीएस-२४८०ला मॉनिटर आणि माउस जोडण्याची सोय दिली, तीच मुळात संगणकाची सरशी मान्य केल्याची खूण म्हणायला हवी.

सर्वांत मोठी अडचण आवाज बाहेर काढण्याची. सीडीच्या दर्जाचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा घेतो. म्हणजे तेव्हाच्या १०० मेगाबाइटच्या काढत्या-घालत्या झिप डिस्कवर आठ ट्रॅकची पुरती अडीच मिनिटेही मावत नाहीत. अलेसिसच्या एचडी२४ला (२००१) इथरनेट दिले होते, पण सेकंदाला १० मेगाबिटचे. सीडीहून वरच्या दर्जाचे, म्हणजे २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचे २४ ट्रॅक तासभर घेतले की सुमारे १२.४ गिगाबाइट होतात, आणि या वायरीतून ते अगदी आदर्श स्थितीतही पावणेतीन तासांहून लवकर उतरत नाहीत. प्रत्यक्षात तर बराच जास्त वेळ लागतो. गंमत अशी की त्याच यंत्राच्या मागे एडॅटची, प्रत्येकी आठ चॅनेलची, तीन ऑप्टिकल आउटपुट आहेत. तितकी इनपुट असलेले ध्वनिकार्ड संगणकाला जोडून गाणी नुसती वाजवली तरी सगळे ट्रॅक एका तासात पलीकडे पोहोचतात. एडॅटची कॅसेट इतिहासजमा झाली, पण त्याची ही आठ चॅनेलची ऑप्टिकल जोडणी आजही नव्या उपकरणांवर मिळते.

खरा दोष वेगापेक्षा बंदिस्तपणाचा आहे. रोलँड आणि अलेसिस दोघांनीही डिस्कवर लिहिण्याची आपापली पद्धत ठेवली. डिस्क काढून संगणकाला लावली तर त्याला ती रिकामी किंवा बिघडलेली वाटते. संगणक मंदावला की बदलता येतो आणि गाणी नव्यावर जातात. पेटीचा प्रोसेसर, डिस्क आणि फाइलची रचना मात्र ती बनली त्या वर्षातच गोठलेली. पुढे काही हौशी प्रोग्रॅमरांनी एचडी२४च्या डिस्क संगणकावर वाचणारी साधने लिहिली. अलेसिसनेही फायरपोर्ट नावाचे असे साधन काढले, पण ते वेगळे विकत घ्यावे लागे. ते पेटीतच असते तर निम्मी कुरकुर वाचली असती.

वयोमानाचे दुखणे निराळे. पडद्यामागचा प्रकाश मंदावतो, फेडर (आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) खरखरतात, आतला छोटा सेल संपला की सेटिंग पुसली जातात. आयडीई या जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या नव्या डिस्क बाजारात जवळपास मिळेनाशा झाल्याने अनेकजण अडॅप्टर लावून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवतात. अशा कार्डाने घरघर थांबते. काम फारसे वेगवान होत नाही, कारण प्रोसेसर जुनाच राहतो.

तरीही स्वतंत्र रेकॉर्डर संपलेला नाही. मैफलीत किंवा चित्रीकरणस्थळी, जिथे दुसरी संधी मिळत नाही, तिथे अपडेटसाठी अडून न बसणारी पेटी अजून पसंत केली जाते. टॅस्कॅमच्या मॉडेल २४सारखे मिक्सर एसडी कार्डावर थेट वेव्ह फाइल लिहितात, आणि ते कार्ड कोणत्याही संगणकात उघडते. जुनी पेटी बाळगणाऱ्यांना जाणकारांचा सल्ला एकच असतो: यंत्र चालू आहे तोवर प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून शेवटपर्यंत सलग काढून ठेवावा, म्हणजे पलीकडे ते ट्रॅक आपोआप एका ओळीत बसतात.