निव्वळ वर्तमान मूल्य (कोकणातील व्यवसायांच्या संदर्भात)

निव्वळ वर्तमान मूल्य : एखाद्या प्रकल्पात पुढच्या वर्षांत येणारी-जाणारी सगळी रोकड आजच्या किमतीत आणायची आणि तिच्यातून सुरुवातीची गुंतवणूक वजा करायची, उरते ते निव्वळ वर्तमान मूल्य. बँकेत आणि सनदी लेखापालांकडे याला सर्रास ‘एनपीव्ही’ म्हणतात. आकडा शून्याच्या वर आला तर प्रकल्प घातलेले भांडवल आणि त्यावर अपेक्षित असलेला परतावा देऊन वर शिल्लक टाकतो. उणे आला तर तेच पैसे दुसरीकडे लावलेले बरे. बरोबर शून्य आला म्हणजे नफा नाही, असे अनेकजण समजतात. ते चूक आहे. शून्याचा अर्थ एवढाच, की ठरवलेल्या दराने परतावा मिळाला, त्याहून कमी नाही की जास्त नाही.

ही कल्पना आपल्याकडच्या व्यापाऱ्याला नवी नव्हती. तीन महिन्यांनी शंभर रुपये देणारी हुंडी आज सत्त्याण्णवला वटवली, तर मधले तीन रुपये हा वटाव. एनपीव्हीत हाच वटाव पुढच्या प्रत्येक वर्षाच्या रकमेला लागतो. रकमेला (१ + दर) ने जितकी वर्षे तितक्या वेळा भागायचे, एवढेच गणित. दर १२ टक्के धरला तर वर्षाने मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत ८९.२९ रुपये, पाच वर्षांनी मिळणाऱ्यांची ५६.७४ आणि दहा वर्षांनी मिळणाऱ्यांची ३२.२० रुपये होते.

व्याजाची छापील कोष्टके फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेविन याने १५८२ मध्ये प्रसिद्ध केली. झाडांशी या गणिताची गाठ घातली ती जर्मन वनाधिकारी मार्टिन फॉस्टमान याने, १८४९ मध्ये. जंगल तोडायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा तोडायचे, असे चक्र कायम चालले तर त्या जमिनीची आजची किंमत किती, हा त्याचा प्रश्न होता. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर याने १९०७ आणि १९३० मध्ये या गणिताला सैद्धांतिक बैठक दिली. कारखान्यांच्या भांडवली अंदाजपत्रकात ही रीत रुळली ती १९५० नंतर, अर्थशास्त्रज्ञ जोएल डीन याच्यासारख्यांच्या लिखाणामुळे.

काजू प्रक्रिया : अडकलेल्या पैशाचा हिशेब

कोकणातले बहुतेक धंदे वाट पाहायला लावणारे आहेत. हापूसचे कलम पाच-सहा वर्षांनी हाताशी येते, नौका पावसाळ्यात शाकारून ठेवावी लागते, काजू बी दोन-तीन महिन्यांत विकत घेऊन वर्षभर फोडावी लागते. त्यामुळे ‘किती मिळणार’ याच्याइतकाच ‘कधी मिळणार’ हा प्रश्न इथे मोठा असतो, आणि साध्या बेरजेत नेमका तोच निसटतो.

सावंतवाडी किंवा राजापूर भागातले लहानसे काजू प्रक्रिया युनिट घेऊ. (आकडे उदाहरणापुरते आहेत.) शेड, बॉयलर, कटिंगची यंत्रे आणि ड्रायर मिळून १४ लाख रुपये लागले. पण खर्च तिथे संपत नाही. मार्च ते मे या काळात शेतकरी पोती घेऊन दारात येतो, काट्यावर बी तोलून होते आणि पैसे त्याच दिवशी रोख मोजावे लागतात. त्या बीचा गर मात्र दिवाळीपर्यंत, कधी पुढच्या होळीपर्यंत विकला जातो. या साठ्यासाठी आणखी ८ लाख धरू. आज लागणारी रक्कम झाली २२ लाख. धंदा पाच वर्षे चालवून शेवटी यंत्रे २ लाखांना मोडीत काढली आणि साठ्याचे ८ लाख मोकळे झाले, असे मानू.

| वर्ष | निव्वळ रोकड (लाख रु.) | १२% ने गुणक | आजची किंमत (लाख रु.) |
|---|---|---|---|
| ० | −२२.० | १.०००० | −२२.०० |
| १ | ४.० | ०.८९२९ | ३.५७ |
| २ | ५.० | ०.७९७२ | ३.९९ |
| ३ | ५.५ | ०.७११८ | ३.९१ |
| ४ | ५.५ | ०.६३५५ | ३.५० |
| ५ | १५.५ | ०.५६७४ | ८.७९ |
| | | एनपीव्ही | १.७६ |

साध्या बेरजेने या धंद्यात साडेतेरा लाख सुटतात. १२ टक्क्यांनी वटवल्यावर पावणेदोन लाख उरतात. प्रकल्प घेण्यासारखा आहे, पण दर १५ टक्के धरताच एनपीव्ही सुमारे २७ हजारांनी उणे जाते. म्हणजे अंतर फार नाही.

खरी गंमत साठ्याच्या आठ लाखांत आहे. ‘ते तर शेवटी परत येतातच, मग खर्चात कशाला?’ असा युक्तिवाद कायम ऐकू येतो. ते आठ लाख सुरुवातीलाही धरले नाहीत आणि शेवटीही धरले नाहीत, तर एनपीव्ही ५.२२ लाख दिसते, खऱ्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. कारण पाच वर्षांनी परत येणाऱ्या आठ लाखांची आजची किंमत फक्त ४.५४ लाख आहे. बीच्या पोत्यांत पैसे अडकून राहण्याची किंमत झाली ३.४६ लाख, आणि ती कोणत्याही बिलात दिसत नाही. नफ्यात चाललेली युनिटे ऐन एप्रिलमध्ये पैशासाठी धावाधाव का करतात, ते या एका आकड्यात कळते.

कातळावरची कलमे

कातळावर हापूस लावायचा तर सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची, कुंपण घालायचे, पाण्याची सोय करायची. दहा बाय दहा मीटरवर हेक्टरी शंभर कलमे बसतात. या सगळ्याला ४ लाख, पहिली सहा वर्षे दरसाल ३० हजार जोपासनेला, आणि सातव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत फवारणी, राखण, तोडणी, पेट्या आणि दलाली जाऊन सरासरी १ लाख २० हजार हातात, असे धरू. नुसत्या बेरजेने तीस वर्षांत २३ लाख शिल्लक दिसतात. १२ टक्क्यांनी वटवल्यावर एनपीव्ही सुमारे ५० हजारांनी उणे येते. ८ टक्क्यांनी हीच बाग २ लाख ५७ हजारांनी अधिक होते. कलमे तीच, आंबा तोच. बदलला तो फक्त दर.

१९९० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा-काजूखालचे क्षेत्र झपाट्याने वाढले. एनपीव्हीच्या नजरेने याचे कारण सरळ आहे. लागवडीचा मोठा भार शासनाने उचलला, म्हणजे ज्या पहिल्या वर्षांच्या रुपयावर वटाव जवळजवळ लागतच नाही तोच खर्च शेतकऱ्याच्या अंगावरून गेला. तेवढेच पैसे दहाव्या वर्षी बोनस म्हणून दिले असते, तर कातळ पडीकच राहिला असता.

या पद्धतीची मर्यादाही इथेच दिसते. तिसाव्या वर्षी मिळणाऱ्या एका लाखाची किंमत १२ टक्क्यांनी ३,३३८ रुपये होते आणि पन्नासाव्या वर्षाच्या लाखाची ३४६ रुपये. पन्नास-साठ वर्षांचे कलम आजही मोहोरताना दिसते. त्या मोहोराला हे गणित जवळपास शून्य मोजते. नातवंडांसाठी लावलेली बाग मोजायला बाजाराचा दर योग्य आहे का, हा वाद अर्थशास्त्रात अजून मिटलेला नाही.

आंब्याच्या सरासरीबाबत सांभाळावे लागते. हापूस वर्षाआड भरघोस धरतो, तुडतुडे आणि थ्रिप्स मोहोर खातात, अवकाळी पाऊस उरलेला झाडतो. ज्या वर्षी वाशीच्या बाजारातून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) चांगली होती तेच वर्ष तीस वेळा लिहून काढलेला प्रकल्प अहवाल वाचायच्याही लायकीचा नसतो. चांगली, मध्यम आणि गेलेली वर्षे किती येतात त्या प्रमाणात सरासरी काढावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या आणि वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. असा धोका एकतर उत्पन्नात कमी करावा किंवा दरात चढवावा. दोन्हीकडे घातला तर चांगला प्रकल्पही मरतो.

पडलेल्या झाडाची किंमत हादेखील एनपीव्हीचाच प्रश्न. भर बहरातली पोफळ (सुपारीचे झाड) पडते तेव्हा मालकाचे त्या वर्षीचे पीक जाते, पुढच्या सगळ्या वर्षांचे जाते आणि नवे रोप धरेपर्यंतची वर्षेही रिकामी जातात. रोपाची किंमत अधिक मजुरी, एवढी भरपाई म्हणूनच अपुरी वाटते. भूसंपादनात जाणाऱ्या बागेचे मोल वार्षिक निव्वळ उत्पन्नाला गुणक लावून काढण्याची रीत आहे. तो गुणक १० धरणे म्हणजे उत्पन्न कायम चालेल असे मानून १० टक्क्यांनी वटवणे होय.

दर कुठून आणायचा

सूत्रावर भांडण होत नाही, होते ते दरावर. सर्वसाधारण रीत अशी की कर्ज आणि स्वतःचे भांडवल यांच्या खर्चाची भारित सरासरी घ्यावी. प्रकल्पात ६० टक्के कर्ज १०.५ टक्क्यांनी आणि ४० टक्के स्वतःचे पैसे, ज्यांवर मालकाला १५ टक्के हवेत, तर दर १२.३ टक्के येतो. मुंबईच्या भावाने बिनव्याजी दिलेले दोन लाख फुकटचे धरू नयेत. ते त्याने मुदत ठेवीत टाकले असते तर व्याज मिळाले असते. घरात कुणीतरी ते सोडतेच आहे.

बँकेचे व्याज आणि हप्ते रोकडीतून वजा करून वर पुन्हा वटवणे ही प्रकल्प अहवालांतली नेहमीची चूक आहे. भांडवलाचा खर्च दरातच बसलेला असतो, त्यामुळे तो दोनदा कापला जातो. महागाईचेही तसेच. आंब्याचा भाव वीस वर्षे आजचाच धरायचा आणि दर मात्र बँकेचा, महागाई पोटात घेतलेला लावायचा, हे जुळत नाही. १२ टक्के दरात ५ टक्के महागाई असेल तर स्थिर भावांसाठी योग्य दर सुमारे ६.७ टक्के ठरतो. वरच्या बागेचा आकडा म्हणूनच एवढा हलतो.

कर वेगळा पाहावा लागतो. बागेचे शेतीउत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. बी फोडून गर विकणे हा मात्र उद्योग आहे, त्यावर कर लागतो आणि यंत्रांच्या घसाऱ्याची वजावट मिळते. अनुदानही ज्या वर्षी खरोखर मिळते त्या वर्षी धरावे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत, म्हणजे पीएमएफएमईत, प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, पण ते कर्जाला जोडलेले असते. पहिल्याच दिवशी हातात येणारी रोकड समजून ते गुंतवणुकीतून वजा करणे घाईचे ठरते.

कोरड्या निघालेल्या बोअरवेलचे दीड लाख नव्या हिशेबात घेऊ नयेत. प्रकल्प केला तरी आणि न केला तरी ते गेलेच. उलट बाग कराराने दिली असती तर मिळाले असते ते पैसे घ्यायलाच हवेत, खिशातून एक रुपया गेला नसला तरी.

इतर मापे

परतफेड कालावधी सगळ्यांना आवडतो, कारण तो तोंडी सांगता येतो. वरच्या काजू युनिटचे पैसे पाचव्या वर्षी फिटतात. फिटल्यानंतर काय, याबद्दल तो काही बोलत नाही. अंतर्गत परतावा दर म्हणजे ज्या दराला एनपीव्ही शून्य होते तो. या युनिटचा साडेचौदा टक्क्यांच्या किंचित वर आहे. मासेमारी नौकेसारख्या प्रकल्पात मात्र तो फसवू शकतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रात बंदी, हंगामाआधी खलाशांना द्यायची उचल, मासळीतून तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशांचे वाटे, आणि मध्येच एखाद्या वर्षी नवे इंजिन. त्या वर्षीची रोकड उणे झाली की चिन्ह पुन्हा पुन्हा बदलते आणि गणिताने एकाहून अधिक दर निघू शकतात. एनपीव्हीला ही अडचण येत नाही.

बँका लहान कर्जांसाठी एनपीव्हीपेक्षा हप्ता फेडण्याची क्षमता पाहतात, आणि त्यांच्या जागी ते रास्त आहे. त्यांना आपले कर्ज वसूल व्हायला हवे, धंद्यात मालकाला काय उरते ही त्यांची काळजी नाही.

एक्सेलमध्ये हिशेब करणाऱ्यांसाठी : त्यातले एनपीव्हीचे फंक्शन पहिली रक्कम एका वर्षानंतरची समजते. आजची गुंतवणूक त्याच कंसात टाकली तर तीही वटवली जाते आणि सगळे उत्तर एक वर्ष मागे सरकते. ती कंसाबाहेर, उणे चिन्हाने लिहावी.

जमिनीचा प्रश्न

तारकर्ली, गुहागर, आंजर्ले अशा ठिकाणच्या होमस्टेच्या हिशेबात सगळ्यात मोठी ओळ बहुधा शेवटची असते : दहा वर्षांनी जागेची किंमत. दिवाळी, नाताळ आणि मे सोडला तर खोल्या बऱ्याच रिकाम्या. तरी एनपीव्ही भरघोस अधिक येते, कारण किनाऱ्याजवळच्या गुंठ्याचा भाव अमुक पटीने वाढेल असे धरलेले असते. तसे झाले तर ती कमाई जागेची. खोल्या न बांधताही ती मिळाली असती. अशा वेळी दोन कागद करावेत. एका कागदावर फक्त खोल्यांचा धंदा, आणि जागेचे चालू भाडे त्याच्या खर्चात, दुसऱ्यावर जागा. सातबाऱ्यावर पाच भावांची नावे असतील तर दुसऱ्या कागदावरच्या रकमेला पाचाने भागावे लागते, पहिल्यावरचे कर्ज मात्र ज्याने सही केली त्याच्याच नावावर राहते.