बायोमार्कर: आकडा, आजार आणि त्यांच्यातलं अंतर

बायोमार्कर म्हणजे शरीराची स्थिती किंवा आजार दाखवणारी, मोजता येणारी खूण. आजार म्हणजे शरीराच्या नेहमीच्याच क्रियेचं कमी-जास्त झालेलं रूप, असं एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी मांडलं. आजार मोजता येतो, या विश्वासाला त्यातून बळ मिळालं. १९४३ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ आणि डॉक्टर जॉर्ज कांगिलेम यांनी त्यावर आक्षेप घेतला. सरासरीपासून दूर असणं म्हणजे आजार नव्हे. माणसाच्या जगण्यावर बंधनं येतात, तेव्हा तो आजार.

रिपोर्टवरच्या 'नॉर्मल रेंज'मध्ये हा वाद आजही दडलेला आहे. ही रेंज साधारणपणे निरोगी लोकांचे निकाल क्रमाने लावून, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळून काढतात. म्हणजे ५ टक्के निरोगी माणसं व्याख्येनेच बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक निकाल रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. म्हणूनच १९६९ मध्ये ग्रॅस्बेक आणि सारिस या संशोधकांनी 'नॉर्मल'ऐवजी 'संदर्भमूल्य' म्हणावं असं सुचवलं.

खूण सुधारली म्हणजे रुग्ण सुधारला, या समजुतीला खरी ठेच लागली ती 'कास्ट' या अमेरिकी औषधचाचणीत. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. तेव्हा ठोके दाबले की जीव वाचेल, असा तर्क होता. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड या औषधांनी ज्यांचे ठोके खरोखर दबले, अशाच रुग्णांना पुढे औषध किंवा प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) दिलं. सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण दगावले, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६. खूण सुधारली, रुग्ण गेले! ठोके हा धोक्याचा इशारा होता, पण औषधाचा परिणाम तेवढ्यापुरता नव्हता. ते हृदयातल्या विद्युतवहनातही ढवळाढवळ करत होतं.

योगायोग असा, की ही औषधं थांबवली गेली त्याच वर्षी, १९८९ मध्ये, संख्याशास्त्रज्ञ रॉस प्रेंटिस यांनी खूण अंतिम परिणामाच्या (उदा. मृत्यूच्या) जागी कधी वापरता येईल याची कसोटी घालून दिली: उपचाराचा अंतिम परिणामावरचा सगळा प्रभाव त्या खुणेतूनच गेला पाहिजे. कसोटी कडक आहे, आणि तशीच असायला हवी.

खूण कशातून तयार होते, हेही पाहावं लागतं. मधुमेहासाठी केली जाणारी एचबीए१सी ही तपासणी लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. पेशी सुमारे १२० दिवस जगतात हे त्यात गृहीत आहे. पेशी लवकर फुटत असतील तर आकडा खोटा कमी येतो, लोहाची कमतरता असेल तर खोटा जास्त येऊ शकतो. अशा वेळी निदान थेट रक्तातली साखर मोजूनच करावं.