पेनकिलरचं व्यसन : २०१८च्या दोन निर्णयांमागची गोष्ट

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यात पाठ धरलेला कामगार, निफाडच्या बागेत गोडी छाटणीला दिवसभर हात वर करून उभी राहणारी बाई, ऑपरेशन होऊन घरी आलेला माणूस. यांच्या हातात पहिली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच येते. दुखणं थांबतं, गोळी मात्र सुटत नाही. मदत घे म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘मी काय गर्दुल्ला आहे?’

१९८५ साली अमली पदार्थांविरोधातला एनडीपीएस कायदा आला, तेव्हा शहरांत गर्द पसरत होती. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेही याच लाटेत. व्यसनी म्हणजे गर्द ओढणारा पोरगा, हे चित्र तेव्हाच पक्कं झालं. मेडिकलमधून बिल घेऊन आणलेली स्ट्रिप त्यात कुणाला दिसलीच नाही. पुढे मालेगावात ‘कुत्ता गोळी’ची प्रकरणं गाजली. ती गोळी पेनकिलर नव्हे, अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेची-गुंगीची गोळी. पण गोळी म्हटलं की पोलीस, ही भीती घराघरात बसली.

सरकारचं लक्ष आधी दुकानाकडे गेलं. २०१३मध्ये डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन हे पेनकिलर बंद झालं. मार्च २०१४पासून ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी अफूवर्गीय औषधं ‘एच-१’ यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आली. पाकिटावर लाल चौकट, आणि काउंटरवर वेगळं रजिस्टर : डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कुठलं, किती दिलं. हे रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. एप्रिल २०१८मध्ये ट्रामाडॉल थेट एनडीपीएसखाली गेलं.

त्यानंतर साधारण महिनाभराने, २९ मे २०१८ला, नवा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून होणारे मानसिक त्रास त्याने आजारात धरले आणि उपचार हा हक्क ठरवला. खुद्द एनडीपीएसच्या ६४-अ कलमातही, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट आहे. पहिला निर्णय प्रत्येक मेडिकलवाल्याला पाठ आहे. दुसरा पेशंटपर्यंत कुणी पोचवलाच नाही, आणि मला यात मोठा अन्याय दिसतो.

कारण दुकानातून गोळी मिळणं बंद झालं म्हणून शरीर थांबत नाही. नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, पाय ओढणं, रात्रभर तळमळ. ट्रामाडॉलचा डोस फार वाढला असेल तर फिटही येते. घरचे म्हणतात, मनावर घे. पण हे एकट्या मनाचं काम नाही; डोस हळूहळू उतरवावा लागतो, काहींना ब्युप्रेनॉर्फिन या व्यसन सोडवणाऱ्या औषधावर ठेवावं लागतं. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले जवळपास १ टक्का लोक अशी अफूवर्गीय औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर घेताना आढळले. आपल्या गल्लीत कुणीच नसेल, असं मानायला जागा नाही.

नाशिककरांसाठी त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि २०२२पासून मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६, दोन्ही मोफत. जाताना रिकामी स्ट्रिप आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, दिवसाला किती गोळ्या होतात तो खरा आकडा सांगावा, आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत गोळी एकदम तोडू नये.